गोटीवालं लँकेस्टर

अर्धवट_विमान

परवा माळा आवरताना बुटांच्या खोक्यात माझं लँकेस्टर सापडलं. चार इंजिनांच्या ब्रिटिश बाँबरचं प्लॅस्टिक मॉडेल, १/७२ स्केल, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४३ सेंमी. खोकं लहान पडलं म्हणून कोणीतरी (बहुधा मीच) एक पंख मुळाशी मोडून शेजारी ठेवला होता. एका प्रॉपेलरचं पातं गेलंय, शेपटातल्या मशीनगनच्या काड्या गेल्यात, डिकल (विमानावर चिकटवायची चिन्हं) पिवळेधमक झालेत. आणि पोटाखाली वाळलेल्या सोल्युशनचं (किट चिकटवायच्या द्रवाचं) एक गोल कडं आहे. तिथे गोटी होती.

गोटीची कथा अशी. लहानपणी टीव्हीवर १९५५चा 'द डॅम बस्टर्स' लागला होता, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मन धरणांवर घातलेल्या छाप्याचा सिनेमा. मी घरात शिरलो तेव्हा निम्मा संपलेला. मला मिळालं ते एवढंच: रात्र, पाण्याला घासून उडणारी ती अवजड विमानं, पोटातून खाली सोडलेले प्रकाशाचे दोन झोत, ते पाण्यावर एकमेकांना भिडले की उंची बरोबर. मग एक गोल बाँब सुटतो आणि पाण्यावर टप्पे घेत धरणाकडे निघतो. त्या रात्री मी झोपलो नाही. झोपलो असेन खरं तर, पण आठवणीत तरी झोप नाही.

पुढे सुट्टीत लँकेस्टरचं किट हातात आलं. सूचनांचा कागद तीनदा उलटापालटा करून पाहिला, टप्पे घेणारा बाँब कुठेच नाही. नेहमीचे निमुळते बाँब तेवढे होते. मग मी पोटाचे दरवाजे लावलेच नाहीत, त्या जागी आत पिळाची पट्टी असलेली हिरवी गोटी डकवली आणि विमान छताला दोऱ्याने टांगलं. महिन्याभराने रात्री टक्क असा आवाज झाला आणि गोटी फरशीवरून गडगडत पलंगाखाली गेली. पुन्हा चिकटवली. पुन्हा पडली. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण आमच्या घरात "पडला बाँब" हा वाक्प्रचार झाला होता.

आता दुरुस्तीला घेतलंय. मधल्या काळात वाचून कळलं की खरा बाँब गोल नव्हताच, पिंपासारखा होता. तर प्रश्न एक: पिंप लावू की गोटी?

प्रश्न दोन: सिनेमा बघून किंवा गोष्ट वाचून तुमच्या हातून कोणतं विमान झालं? इतिहास वाचून केलेलं नको. ते सगळेच करतात.

(सिनेमा नंतर कधी पाहिलेला नाही. मुद्दाम. लहानपणी आवडलेला सिनेमा मोठेपणी बघू नये या मताचा मी आहे.)

अस्सल_आळशी

गोटी. प्रश्नच नाही.

माझी एकूण अकरा स्पिटफायर झाली आणि अकराही विमानांच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे. पोलिसांना कधी गरज पडली तर सोयीचं.

रिव्हेटमोजणी

पिंप. प्रश्नच नाही.

१६ मे १९४३च्या रात्री ६१७ स्क्वॉड्रनची १९ लँकेस्टर जो बाँब घेऊन निघाली तो ६० इंच लांब आणि ५० इंच व्यासाचा दंडगोल होता. विमानात तो आडवा टांगलेला असे, टाकण्याआधी मोटर आणि पट्ट्याने त्याला मिनिटाला ५०० फेरे देत, तेही उलटे. म्हणजे गाडीचं चाक पुढे जाताना फिरतं त्याच्या विरुद्ध. या उलट्या फिरकीमुळे तो टप्पे नीट घेई आणि धरणाला आपटल्यावर लांब न उसळता भिंतीला चिकटून खाली जाई. पाण्याखाली ३० फुटांवर दाबाने फ्यूज पेटे. ६० फुटांवरून टाकायचा, ताशी सुमारे ३७० किमी वेगाने, अंधारात. १/७२मध्ये हा दंडगोल २१ मिमी लांब आणि साडेसतरा मिमी जाड होईल. प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा कापा, दोन्ही तोंडांना चकत्या लावा, अर्ध्या तासाचं काम आहे.

सिनेमात तो गोल आहे, कारण चित्रीकरण झालं तेव्हा बाँबचा खरा आकार आणि फिरकी दोन्ही गुप्त होतं. निर्मात्यांना माहीत नव्हतं ते त्यांनी दाखवलं नाही. आपल्याला माहीत आहे. मग चूक पुन्हा का करायची?

आणि तुमच्या विमानाच्या पाठीवर मधला टरेट (मशीनगनचा फिरता घुमट) आहे का? असेल. छाप्याच्या विमानांवरून तो वजन कमी करायला काढला होता. काढा.

अर्धवट_विमान

टरेट आहे. फिरतोसुद्धा. लहानपणी तो फिरावा म्हणून सोल्युशन लागू न देता श्वास रोखून बसवलेला एकमेव भाग आहे तो. तो काढायचा?

रिव्हेटमोजणी

हो.

सुतारपक्षी

माझं 'मॉस्किटो'. कारण १९६४चा '६३३ स्क्वॉड्रन'. नॉर्वेतल्या अरुंद दरीतून विमानं जातात, दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून तोफा चालतात, आणि शेवटी कारखान्यावर वरचा कडा पाडायचा असतो. स्क्वॉड्रन काल्पनिक, मोहीम काल्पनिक, खरं काय ते फक्त विमान. वाईट याचं वाटतं की त्या चित्रीकरणात खरीखुरी मॉस्किटो विमानं आपटून मोडली. तेव्हा ती भंगारच होती म्हणा. आज उडणारं एक मॉस्किटो बघायला लोक समुद्र ओलांडून जातात.

पण माझी खंत वेगळी आहे. मॉस्किटो हे लाकडी विमान. बर्चच्या प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा, असं त्याचं अंग. धड दोन अर्ध्या भागांत साच्यावर बनवत आणि नंतर जोडत. म्हणजे खरं विमान कारखान्यात तसंच बनायचं जसं आपण मॉडेल बनवतो: डावी बाजू, उजवी बाजू, मध्ये सांधा, सांध्यात गोंद! त्याचे भाग फर्निचरच्या कारखान्यांनीही केले. हे वाचल्यावर मला प्लॅस्टिकचं मॉस्किटो खोटं वाटायला लागलं. मग मी बाल्साचं करायला घेतलं. चार वर्षं झाली. नाक तयार आहे.

त्या वयात शिकलेली एकच कला अजून हातात आहे. मेणबत्तीवर स्प्रूची काडी (भाग ज्या चौकटीला लागून येतात तिची) गोल फिरवत तापवायची, मऊ पडून मध्ये चकाकली की ज्योतीतून बाहेर काढायची आणि मग दोन्ही हात सावकाश लांब न्यायचे. केसासारखा धागा निघतो. ती विमानाची रेडिओ एरियल. घाई केली तर तुटतो, ज्योतीतच ओढलं तर पेटतो. आईला वाटायचं मुलगा देवापुढे मेणबत्ती लावून बसलाय.

उलटा_इम्मेलमन

मेणबत्तीच्या परिच्छेदाला दंडवत. माझ्या पलंगाच्या चादरीला तीन भोकं होती, तिन्ही त्याच कलेची.

माझं विमान पहिल्या महायुद्धातलं, सॉपविथ कॅमल, आणि कारण अर्थातच बिगल्स, गोष्टींतला तो वैमानिक नायक. गोष्टी वाचून कॅमलबद्दल एवढं डोक्यात बसलं होतं की मी किट उघडण्याआधीच त्याला घाबरत होतो. त्याचं इंजिन रोटरी. म्हणजे नुसता दांडा फिरत नाही, सिलिंडरांसकट अख्खं इंजिन प्रॉपेलरबरोबर गरगरतं. त्यामुळे विमान उजवीकडे झपकन वळे आणि नवशिक्या बेसावध राहिला की गिरकी घेत जमिनीत. आपलेही बरेच लोक त्याने मारले.

मॉडेलही तसंच निघालं. दोन पंख, मध्ये खांब, खांब चार दिशांना कललेले. वरचा पंख धरून बसायचं वीस मिनिटं. सोडला की सावकाश एका बाजूला झुकणार, खऱ्या कॅमलसारखा. तारांसाठी ताईच्या कंगव्यातले केस वापरले. ताईला सांगितलं नव्हतं, अजूनही सांगितलेलं नाही, ती इथे वाचत नसावी.

मूळ प्रश्नाशी संबंधित गोष्ट आता. बिगल्सचे लेखक डब्ल्यू. ई. जॉन्स स्वतः वैमानिक होते, पण कॅमलवर नाही. ते ५५ स्क्वॉड्रनमध्ये डीएच-४ हे दोन माणसांचं बाँबर उडवत होते. सप्टेंबर १९१८मध्ये त्यांचं विमान पाडलं गेलं आणि ते कैदी झाले. 'कॅप्टन' ही पदवीही त्यांनी स्वतःच लावून घेतलेली. १९३२मध्ये गोष्टी लिहायला बसले तेव्हा त्यांनी नायकाला आपलं खरं विमान दिलं नाही, कॅमल दिलं! स्वतः युद्धात उडालेला माणूस गोष्टीसाठी विमान बदलतो, तर तुम्ही गोटी का लावू नये?

रिव्हेटमोजणी

जॉन्स यांनी कॅमलला तीन पंख लावले नाहीत. विमान बदलणं आणि विमान चुकवणं यात फरक आहे.

निळी_शाई

धाग्यावर पहिली बाई मीच दिसतेय, तर आमची बाजू मांडते. आमच्या घरी दादा चिकटवायचा आणि मी रंगवायची. अशी वाटणी कोणी केली माहीत नाही. सोल्युशनच्या ट्यूबला मला हात लावू देत नसत, रंगाचे हात मात्र चालत.

आमची विमानं सिनेमातून आली नाहीत, कमांडो कॉमिकमधून आली. हातात मावणारी ती पुस्तकं. मुखपृष्ठ रंगीत आणि आत सगळं काळं-पांढरं. म्हणजे गोष्टीतलं विमान कोणत्या रंगाचं, ते गोष्ट सांगतच नाही! दादा पान उघडून समोर ठेवायचा आणि म्हणायचा, "हे. अस्संच." अस्संच म्हणजे काय? शाईच्या रेघा बघून मी ठरवायची की जिथे रेघा दाट तिथे गर्द हिरवा. सूचनांच्या कागदावर हम्ब्रॉल रंगांचे नंबर असत. ३० म्हणजे हिरवा, २९ म्हणजे मातकट, ९० म्हणजे पोटाखालचा तो ना निळा ना हिरवा रंग. आमच्याकडे ३३ आणि ३४ होते. काळा आणि पांढरा. बाकी सगळं पोस्टर कलर मिसळून. आमची स्पिटफायर ओल्या बोटाने पुसली तर रंग निघायचा.

इवल्या डबीचं झाकण चमच्याच्या टोकाने उघडायचं, वर साय धरलेली असायची, ती काडीने बाजूला सारायची. तो वास अजून कुठे आला की मी थांबते.

आणि खोक्यावरची चित्रं! एअरफिक्स या किटच्या कंपनीसाठी रॉय क्रॉस यांनी १९६४पासून दहाएक वर्षं काढलेली. आत चाळीस राखाडी तुकडे आणि वर पेटलेलं आकाश. मला वाटतं आम्ही विमान नाही, ते खोकंच बनवायचा प्रयत्न करायचो. नंतरच्या आवृत्त्यांत त्याच चित्रांतले स्फोट पुसून टाकले. आकाश स्वच्छ, विमान एकटंच, कोणावर चाललंय कळत नाही. दादा फार चिडला होता.

अस्सल_आळशी

"ते खोकंच बनवायचा प्रयत्न करायचो." इथे मी थांबलो आणि चष्मा पुसला.

रिव्हेटमोजणी

निळी_शाई, लेखन सुंदर. पण आता मूळ प्रश्नावर माझं उलट बाजूने ऐका. सिनेमाप्रमाणे मॉडेल करायचं ठरवलं की कुठे पोचतो बघा.

१९६९चा 'बॅटल ऑफ ब्रिटन'. त्यातली जर्मन मेसरश्मिट बघून पिढ्यांनी मॉडेलं रंगवली. ती स्पेनची हिस्पानो बुचोन विमानं. अंग मेसरश्मिटचं, इंजिन ब्रिटिश मर्लिन, स्पिटफायरमध्ये असतं तेच. म्हणून त्यांची हनुवटी सुजल्यासारखी दिसते. हाइंकेल बाँबरही स्पेनमध्ये परवान्यावर बनलेली, त्यांनाही मर्लिनच. म्हणजे पडद्यावर दोन्ही बाजूंना रोल्स-रॉईस एकमेकांवर धावून जातात.

पुढे ऐका. त्यात डायव्ह-बाँबर स्टुका दिसतात त्या रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल आहेत. १९७०च्या 'टोरा! टोरा! टोरा!'मधली जपानी विमानं म्हणजे अमेरिकन प्रशिक्षण विमानांना ठोकूनठाकून दिलेलं रूप. 'द ब्रिजेस ॲट टोको-री'च्या कादंबरीत नायक बँशी हे विमान उडवतो, सिनेमात पँथर. आता त्याचं मॉडेल करायचं तर कोणतं करणार? सिनेमाचं मॉडेल म्हणजे नकलेची नक्कल.

उलटा_इम्मेलमन

थांबा थांबा. सिनेमावाल्यांनी स्टुकाचं मॉडेल उडवलं. ते बघून पोरांनी स्टुकाचं मॉडेल केलं. म्हणजे जगात एवढं एकच मॉडेल आहे जे सिनेमाबरहुकूम शंभर टक्के अचूक आहे!

रिव्हेटमोजणी

यावर मला सध्या उत्तर सुचत नाही. स्केल वेगळं आहे एवढंच म्हणतो.

कानस

वाद चालू द्या, मी कामाचं बोलतो. अर्धवट_विमान, तुमची गोटी का पडत होती सांगू? किटचं सोल्युशन हा गोंद नाहीच. ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो, सांधा एकजीव. काचेची गोटी विरघळत नाही. प्लॅस्टिकने तिला नुसतं कवेत धरलं होतं, गोटीने प्लॅस्टिकला नाही. सुकून आकसलं की सुटणारच. पिंप असो की गोटी, या वेळी आधी पोटात दोन आडव्या पट्ट्या बसवा, आणि काच असेल तर दोन ट्यूबांचा एपॉक्सी.

मोडलेला पंख: मुळाशी पितळी तारेच्या दोन खुंट्या घाला. जुनं पॉलिस्टायरीन ठिसूळ असतं, नुसत्या सांध्यावर विसंबू नका. भोक हाताने पाडा, ड्रिल लावू नका, प्लॅस्टिक वितळतं.

पिवळे डिकल: न वापरलेला कागद असेल तर काचेच्या खिडकीला आतून डकवून पंधरा दिवस उन्हात ठेवला की पिवळेपणा बराच उतरतो. विमानावर आधीच लागलेले असतील तर ते तसेच राहू द्या.

काच धुरकट झाली असेल तर ती सुपरग्लूची वाफ. दात घासायच्या पेस्टने मऊ फडक्यावर गोल गोल घासा, नंतर फरशीच्या पारदर्शक ॲक्रिलिक पॉलिशमध्ये बुडवून सुकवा. नवी होते.

आणि लॅंकेस्टर नशीबवान, शेपटीवरच बसतं. माझं बी-२५ आठवा. नाकाखाली चाक असलेलं विमान, नाकात वजन भरायचं विसरलो, सगळं रंगवून झाल्यावर टेबलावर ठेवलं आणि ते सावकाश मागे बसलं. कुत्रा बसतो तसं. अमेरिकन वैमानिक डूलिटल यांनी १९४२मध्ये असली १६ विमानं जहाजावरून उडवली, माझं एक टेबलावर उभं राहिना. शेवटी शेपटीखाली काचेची कांडी लावली.

प्रश्नचिन्ह

धागा सुंदर चालला आहे, मिठाचा खडा टाकायची इच्छा नाही. तरी टाकतो. मीही विमानं केली, स्टुकासुद्धा. मग एकदा त्या धरणांबद्दल वाचलं. फुटलेल्या म्योने धरणाच्या पाण्यात खाली तेराशेहून अधिक माणसं बुडाली. त्यांत नेहाइमजवळच्या छावणीतल्या शेकडो सोव्हिएत स्त्रिया होत्या, सक्तीने मजुरीला आणलेल्या. म्हणजे ज्यांना सोडवायला युद्ध चाललं होतं त्याच. आणि निघालेल्या १३३ वैमानिकांपैकी ५३ मेले. १९ विमानांपैकी ८ परतली नाहीत.

त्यानंतर मी विमानं केली नाहीत. जहाजं करतो, तीही शिडाची. कोणाला दोष देत नाही. पण "गोटी की पिंप" हा प्रश्न वाचताना मला ते पाणी दिसतं, एवढंच.

अस्सल_आळशी

घ्या. पोरांनी गोट्या खेळायच्या नाहीत आता.

निळी_शाई

आळशी, तसं नको. त्यांनी नीट लिहिलंय.

प्रश्नचिन्ह, दादाची एक सवय सांगते. १/७२ म्हणजे सहा फुटी माणूस एक इंच. किटमध्ये बोटाच्या पेरासारखे वैमानिक येत, तोंड नसलेले, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. दादा ते कधीच बसवायचा नाही. आमच्या सगळ्या विमानांच्या खुर्च्या रिकाम्या. मी चिडायची, कारण चेहऱ्याचा रंग, ६१ नंबर, एवढा एकच मी हट्टाने मिळवला होता आणि तो वापरायला कोणी नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, विमान पडलं तर आत कोणी नको. दहा वर्षांचा होता.

ते सगळे वैमानिक एका आगपेटीत भरून ठेवले होते. ती आगपेटी माझ्याकडे आहे. विमानं एकही नाही.

प्रश्नचिन्ह

धन्यवाद, ताई.

सुतारपक्षी

या निमित्ताने: आपण याला खेळणं म्हणतो, पण युद्धात हीच मॉडेलं कामाला लावली होती. आकाशातली सावली आपली की शत्रूची हे ओळखायला सैनिकांना शिकवायचं, म्हणून १९४२मध्ये अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून लाकडी विमानं मागवली. पाच लाख! स्केल हेच, १/७२. म्हणजे एक इंचाला सहा फूट. मुलांनी शाळेत कोरायची, काळी रंगवायची, तपासून घ्यायची आणि पाठवायची. तेव्हा प्रश्नचिन्ह यांची अस्वस्थता मला पटते. पोरांच्या हातातलं विमान आणि खरं विमान यांत अंतर आपल्याला वाटतं तेवढं कधीच नव्हतं.

अवांतर: चित्रपटातल्या अंतराळयानांचं माहीत असेलच. 'स्टार वॉर्स'च्या यानांवरचे ते बारीक बारीक खिळे-नळ्या म्हणजे रणगाड्यांच्या नि विमानांच्या किटमधले सुटे भाग. आणि शेवटी खंदकातून जाऊन अचूक नेम साधण्याचा प्रसंग 'डॅम बस्टर्स' आणि '६३३ स्क्वॉड्रन'वरून उचललेला. आपल्याच कचऱ्याच्या खोक्यातून ती आकाशगंगा निघाली.

टेलस्पिन

उशिरा येतोय. सगळा धागा वाचला आणि कपाळावर हात मारला. अर्धवट_विमान, तुम्ही सिनेमा निम्म्यापासून पाहिलात ना? आणि पुन्हा कधीच नाही? अहो, मग सुरुवातच चुकली तुमची!

सिनेमा सुरू होतो तोच या बाँबचे जनक बार्न्स वॉलिस यांच्या घरी. बाहेर पाण्याने भरलेला टब, भोवती त्यांची मुलं, आणि हा शास्त्रज्ञ गलोलीने पाण्यावर काय उडवतोय? गोट्या! टप्पा कुठे पडतो, किती उंच उसळते, ते दोरी लावून मोजतायत. आणि हा भाग लेखकाच्या डोक्यातला नाही. १९४२मध्ये वॉलिस यांनी घराच्या बागेत खरोखर मुलांच्या गोट्या घेऊन हेच केलं होतं. नंतर टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या हौदात चाचण्या झाल्या.

आणि रिव्हेटमोजणी साहेब, बाँब गोलसुद्धा होता. दंडगोलाभोवती लाकडी आवरण घालून तो चेंडूसारखा केला होता. एप्रिल १९४३मध्ये रेकल्व्हरच्या किनाऱ्यावर चाचणी घेतली तर पाण्यावर आपटताच लाकूड फुटून उडालं, आणि उरलेलं नागडं पिंप मात्र टप्पे घेत पुढे गेलं. म्हणून आवरण रद्द. मोहिमेच्या महिनाभर आधीची गोष्ट.

रिव्हेटमोजणी

मी "१६ मे १९४३च्या रात्री" असं लिहिलं होतं. वर जाऊन वाचावं. त्या रात्री तो दंडगोलच होता.

बागेतल्या गोट्यांबद्दल मला माहिती होती. तिचा इथे असा उपयोग होईल हे ध्यानात आलं नाही. आणखी एक सांगून टाकतो, कारण आता लपवून काय उपयोग: दोन झोतांची कल्पना स्क्वॉड्रनचे प्रमुख गिब्सन यांना नाटकगृहात सुचते हे सिनेमाने रचलेलं आहे. ती सूचना बेंजामिन लॉकस्पायझर यांची. पण लहानपणी मी तो प्रसंग बघून दोन बॅटऱ्या घेऊन गच्चीच्या कठड्यावर पडलो होतो, खालच्या अंगणात झोत जुळवत. वडिलांनी उतरवलं.

गोटी लावायला हरकत नाही. टरेट काढा.

उलटा_इम्मेलमन

हा धागा वाचनखुणेत. रिव्हेटमोजणींनी हरकत नसल्याचं लिहून दिलंय, याची छापील प्रत काढून ठेवतो.

अर्धवट_विमान

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण नियम मोडला. सिनेमा पाहिला, पहिल्या मिनिटापासून. मुलगी शेजारी होती. टबाचा प्रसंग आला आणि मी एवढ्याने ओरडलो की तिने रिमोट शोधून आवाज कमी केला.

लँकेस्टरची हकीकत: पंखाला पितळी खुंट्या घातल्या, कानस यांच्या कृपेने आता हलत नाही. पातं नवं कापलं. डिकल पिवळेच ठेवलेत. पोटात पट्ट्या बसवून गोटी एपॉक्सीने लावली. जुनी सापडली नाही, ही निळी आहे. टरेट काढला नाही, क्षमस्व. फिरतो अजून.

वैमानिकांचं मात्र निळी_शाई यांचं वाचल्यावर आत डोकावून पाहिलं. माझ्या विमानात दोघं बसलेत. खऱ्या लँकेस्टरमध्ये सात असत. बाकीचे पाच मी तेव्हा कुठे ठेवले असतील याचा दोन दिवस विचार करतोय. बुटांचं खोकं पुन्हा चाळलं, नाहीत.

रविवारी मुलीच्या हट्टाने टब भरला. गलोल केली, तेरा गोट्या घेतल्या. पहिल्या चार सरळ तळाला गेल्या. मग तिच्या लक्षात आलं की कोन फार उभा पडतोय, पाण्याला जवळजवळ आडवं झोपून मारायला हवं. पाचवीने दोन टप्पे घेतले आणि टबाच्या कडेला लागून परत फिरली. सहावी तिसऱ्या टप्प्यावर कडेवरून उडाली, ती अजून सापडलेली नाही.